रुग्णांचे मत आणि आरोग्य केंद्राचे मूल्यमापन

सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा शासकीय निकष आहे. या केंद्रांच्या कार्याचे मोजमाप दीर्घकाळ नोंदवह्यांवरूनच होत आले. बाह्यरुग्ण किती, प्रसूती किती, लसीकरण किती, ही आकडेवारी आवश्यक आहेच. परंतु केंद्राच्या दाराला कुलूप पाहून परतलेली गर्भवती स्त्री वहीत कोठेच सापडत नाही. चिठ्ठी घेऊन बाजारातून औषध विकत आणणारा शेतमजूर मात्र ‘उपचार झालेला रुग्ण’ म्हणून मोजला जातो.

एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात म्हणूनच लोकाधारित देखरेखीस स्थान देण्यात आले. महाराष्ट्रात २००७ साली अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत या कार्यास प्रारंभ झाला. गावापासून राज्यापर्यंत निरनिराळ्या स्तरांवर समित्या स्थापन झाल्या. पंचायत सदस्य, आरोग्य अधिकारी, स्वयंसेवी कार्यकर्ते व ग्रामस्थ त्यांत एकत्र बसू लागले.

माहिती मिळविण्याची रीत साधी होती. गावात गटचर्चा होई, स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले जाई, केंद्रातून बाहेर पडणाऱ्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या जात आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचेही म्हणणे नोंदविले जाई. त्यावरून सेवांना हिरवा, पिवळा वा लाल रंग देऊन गुणपत्रक तयार होई. अक्षरओळख नसलेल्यासही ते उमगावे, हा रंगांचा मोठाच लाभ. पुढे जनसुनावणीत अधिकाऱ्यांसमक्ष हे अनुभव मांडले जात.

मात्र विचारणारा कोण, यावर उत्तर अवलंबून असते. ज्या परिचारिकेकडे उद्या बाळाला टोचून घेण्यासाठी जावयाचे, तिच्यादेखत “सगळे ठीक आहे” याहून वेगळे कोण सांगेल? शिवाय सरपंचांच्या ओसरीवर जमलेली मंडळी म्हणजे सारे गाव नव्हे. दूरच्या पाड्यावर जाऊनच विचारावे लागते.

कर्मचाऱ्यांना जनसुनावणी हा आपल्यावरील खटला वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः रिक्त पदे, अपुरा औषधपुरवठा, नादुरुस्त वाहन या गोष्टी पुष्कळदा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती नसतात. वरिष्ठांपुढे त्या उघडपणे सांगण्याची संधी त्यालाही येथेच मिळते.

लाल शेरा कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत पुसावयाचा, हे समितीच्या इतिवृत्तात लिहिले गेले पाहिजे. ते राहून गेले, तर पुढील खेपेस चर्चेला बोलावूनही ग्रामस्थ येत नाहीत.