वारा कोणाचा, पाणी कोणाचे?

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात वादळांचा मोसम दरवर्षी १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो, असे सरकारदरबारी मानले जाते. तेथील विमा कंपन्या ज्या पुनर्विमा कंपन्यांकडे आपली जोखीम उतरवतात, त्यांच्याशी होणारे बहुतेक करारही १ जूनलाच नवे होतात. निसर्गाचे आणि व्यापाराचे पंचांग इतके जुळलेले क्वचितच आढळेल. त्या राज्यात घर असणाऱ्या माणसाच्या टपालात मे महिन्याच्या सुमारास विम्याच्या हप्त्याची सूचना येऊन पडली की त्याला धास्ती वाटते, ती या दोन्ही पंचांगांची.

टॅम्पा येथे स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशीच सूचना हाती आल्यावर मला पत्र पाठविले. घर घेताना कर्ज देणाऱ्या बँकेच्या घाईत त्याने पहिले विमापत्र घेतले होते. आता नूतनीकरणाच्या वेळी आणखी दोन कंपन्यांचे देकार मागवून त्याने तिन्ही कागद माझ्याकडे धाडले. 'सर, यांतले स्वस्त कोणते ते मला कळते. चांगले कोणते ते सांगा,' एवढेच त्याने लिहिले होते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला वर्गाबाहेर विचारला जाणारा प्रश्न बहुधा वर्गातल्या प्रश्नाहून अवघड असतो. हा तर विशेषच होता; कारण आयुष्यभराची बचत आणि तीस वर्षांचे कर्ज ज्या एका वास्तूत गुंतलेले असते, तिच्या रक्षणाचा तो प्रश्न होता.

विमाशास्त्राचा सारा डोलारा एका साध्या अनुभवावर उभा आहे. दहा हजार घरांच्या शहरात वर्षाला साधारण किती घरांना आग लागेल याचा अंदाज बांधता येतो. ती घरे एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या दिवशी जळतात. आणि उरलेल्यांच्या हप्त्यांतून त्यांची भरपाई होते. चक्रीवादळाला हा हिशेब मान्य नाही. ते दहा वर्षे येत नाही, आणि येते तेव्हा दहा हजार घरांच्या छपरांना एकाच रात्री हात घालते. २४ ऑगस्ट १९९२ च्या पहाटे 'अँड्र्यू' नावाचे वादळ मायामीच्या दक्षिणेस होमस्टेडजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा हे साऱ्या जगाला कळले. विमा कंपन्यांना सुमारे १५ अब्ज डॉलर मोजावे लागले आणि दहाहून अधिक कंपन्यांचे दिवाळे निघाले. वादळ आदळल्यावर काही तासांतच केरन क्लार्क या विश्लेषक बाईंच्या संस्थेने नुकसान १३ अब्जांच्या वर जाऊ शकेल, असा संगणकी अंदाज विमा कंपन्यांना कळविला होता. गतानुभवाच्या आधारे दर ठरविण्याची सवय असलेल्या त्या धंद्यातील अनेकांनी तो आकडा अतिशयोक्त म्हणून बाजूला सारला. पुढे तो कमीच ठरला!

आज फ्लॉरिडातील घरमालकाच्या हाती जो कागद पडतो, त्याच्या जवळजवळ प्रत्येक कलमावर अँड्र्यूची मोहोर आहे. त्यातील सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत कमी वाचले जाणारे कलम म्हणजे वजावटीचे. नुकसानीचा जो पहिला हिस्सा विमेदाराने स्वतः सोसायचा, त्याला तिकडे 'डिडक्टिबल' म्हणतात. आपण वजावट म्हणू. आग, चोरी इत्यादींसाठी ही वजावट ठरावीक डॉलरांची असते. चक्रीवादळासाठी मात्र ती टक्केवारीत सांगितली जाते: दोन, पाच किंवा दहा टक्के. टक्केवारी कशाची? नुकसानीची, असे कोणीही सुशिक्षित माणूस चटकन म्हणेल आणि फसेल. ती घराच्या विमा-रकमेची असते. चार लाख डॉलरांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे आठ हजार, पाच टक्के म्हणजे वीस हजार आणि दहा टक्के म्हणजे चाळीस हजार डॉलर. वादळाने छपराचे अठरा हजारांचे नुकसान केले, तर दोन टक्केवाल्याला दहा हजार मिळतात. पाच टक्केवाल्याला छदामही मिळत नाही. २००४ साली चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन अशी चार वादळे काही आठवड्यांच्या अंतराने या राज्यावर चालून आली, तेव्हा कित्येकांना ही वजावट एकाच मोसमात पुन्हा पुन्हा सोसावी लागली. त्यावर ओरड झाल्यानंतर ती वर्षातून एकदाच लागू करावी, असा नियम झाला.

मग मोठी वजावट पत्करावी की लहान? विद्यार्थ्याला मी फळ्यावर मांडतो तसे गणित मांडून पाठविले. समजा, दोनऐवजी पाच टक्के पत्करल्याने वर्षाचा हप्ता ९०० डॉलरांनी कमी होतो. त्या बदल्यात तुम्ही १२,००० डॉलरांची जास्त जोखीम अंगावर घेता. ९०० ला १२,००० ने भागले की साडेसात टक्के येतात. म्हणजे वीस हजारांहून अधिक नुकसान करणारे वादळ आपल्या घरावर तेरा-चौदा वर्षांतून एकदा किंवा त्याहून विरळा येईल असे वाटत असेल, तर मोठी वजावट फायद्याची. हे झाले पुस्तकी उत्तर. पण ते ज्याच्यापाशी वीस हजार डॉलर बाजूला काढून ठेवलेले आहेत, त्याच्यापुरतेच खरे आहे. ज्याच्यापाशी ते नाहीत, त्याने वाचविलेले ९०० डॉलर ही बचत नव्हे. छप्पर उडालेल्या घरात ताडपत्रीखाली काढावयाच्या महिन्यांचे ते आगाऊ भाडे आहे. सरासरीचे गणित सरासरीने जगणाऱ्या मोठ्या संस्थांसाठी असते. एका कुटुंबाला एकच घर असते.

वजावटीहूनही गहन प्रश्न वारा आणि पाणी यांच्या वाटणीचा आहे. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विमापत्रात वाऱ्याचे नुकसान येते, पुराचे येत नाही. आणि समुद्राचे वादळी उधाण हे विम्याच्या भाषेत पूरच असते. पुराच्या धंद्यातून खाजगी कंपन्यांनी फार पूर्वीच अंग काढून घेतले होते, म्हणून १९६८ मध्ये मध्यवर्ती सरकारला राष्ट्रीय पूरविमा योजना काढावी लागली. म्हणजे एकाच वादळासाठी घरमालकापाशी दोन कागद हवेत: वाऱ्याचा एक, पाण्याचा दुसरा. निसर्ग मात्र ही कामाची वाटणी पाळत नाही.

२९ ऑगस्ट २००५ रोजी 'कॅट्रिना' मिसिसिपीच्या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा शेकडो घरांच्या जागी केवळ सिमेंटचे जोते उरले. भिंती नाहीत, छप्पर नाही, पुरावा म्हणून दाखवावी अशी खिडकीही नाही. घर आधी वाऱ्याने मोडले आणि मग पाण्याने वाहून नेले, असे मालक म्हणत. पाण्यानेच नेले, असे कंपन्या म्हणत. त्यातच अनेक विमापत्रांत एक कलम होते, की वगळलेल्या कारणाने नुकसान झाले असेल तर दुसरे कोणते कारण त्याच्या आधी, नंतर किंवा बरोबरीने घडले याला महत्त्व नाही. राज्याचे तत्कालीन सेनेटर ट्रेंट लॉट यांचे पास्कागूला येथील घरही असेच गेले आणि त्यांनाही आपल्या विमा कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. देशाचे कायदे करणाऱ्याची ही गत, तर शाळामास्तराची काय असेल! २००९ मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात असा निर्वाळा दिला की वाऱ्याने आधीच केलेले नुकसान नंतर पाणी आले म्हणून रद्द होत नाही. न्याय झाला, पण आधी काय घडले हे रिकाम्या जोत्यावरून सांगावयाचे कसे, हा प्रश्न राहिलाच. ज्यांच्यापाशी दोन्ही कागद होते, त्यांचे भांडण निदान दोन कंपन्यांपैकी कोणी द्यावे इतकेच होते. एकच कागद असणाऱ्यांचे भांडण आपल्या भिकेशी होते.

माझ्या विद्यार्थ्यापाशी एकच कागद होता. बँकेने पुराचा विमा मागितला नव्हता, कारण घर सरकारी नकाशावरील पूरधोक्याच्या पट्ट्याबाहेर आहे. या पट्ट्याविषयी मोठा गैरसमज आहे. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' असे त्याचे वर्णन करतात. वस्तुतः त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती साठत जाऊन सव्वीस टक्के होते, म्हणजे चारांत एकाहून अधिक. आणि पट्ट्याची रेघ नकाशावर असते, जमिनीवर नसते. सप्टेंबर २०२२ मधील 'इयान' वादळाच्या पावसाने किनाऱ्यापासून दूरच्या वस्त्या बुडाल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये 'हेलीन'ने तर समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या नॉर्थ कॅरोलायनातील डोंगराळ गावांत नद्या घुसविल्या, जेथे पुराचा विमा फारच थोड्यांनी काढला होता. बँक विमा मागते तो बँकेच्या पैशांच्या रक्षणासाठी. तिने मागितला नाही म्हणून धोका नाही, असे समजणे म्हणजे सावकाराला वैद्य मानण्यासारखे आहे.

व्हार्टन या प्रसिद्ध व्यवसायशिक्षण संस्थेतील प्राध्यापक हॉवर्ड कुन्रूथर यांनी या वृत्तीचा अनेक वर्षे अभ्यास केला. आपत्तीनंतर लोक धावत जाऊन विमा काढतात आणि काही वर्षे पाणी आले नाही की पैसे फुकट गेले म्हणून तो सोडून देतात, असे त्यांना आढळले. विम्याचा मोबदला मिळाला नाही हाच विम्याचा उत्तम परतावा, हे वर्गात मी दरवर्षी सांगतो. वर्गातली मुले मान डोलावतात. घरी आल्यावर मी स्वतःच्या वैद्यकीय विम्याच्या हप्त्याबद्दल कुरकुर करतो, हे त्यांना ठाऊक नसते.

सरकारी पूरविम्यालाही मर्यादा आहेत. घराच्या इमारतीला अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलर यांपलीकडे तो जात नाही. सामानाची भरपाई घसारा वजा करून मिळते. आणि सामान्यतः अर्ज केल्यापासून तीस दिवसांनी तो लागू होतो. वादळाचे नाव वृत्तपत्रात वाचून विमा काढणाऱ्यासाठी ही योजना नाही. खाजगी कंपन्याही वादळ जवळ येऊ लागले की नवी विमापत्रे देणे थांबवितात.

आणखी दोन गोष्टी कागदावर पाहाव्या लागतात. विमा घराच्या बाजारभावाचा नव्हे, ते पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा हवा; जमीन वाऱ्याने उडत नाही, आणि वादळानंतर सुतार व कौले दोन्ही महाग होतात. तसेच छपराची भरपाई नव्याच्या किमतीने मिळणार की घसारा कापून, हे ठळक अक्षरांत नसले तरी कोठेतरी लिहिलेले असते. पंधरा वर्षांच्या छपरावर घसारा कापला तर हाती काय उरते, हे हिशेबनीसाला सांगावयास नको.

राहिला प्रश्न कागदामागे कोण उभे आहे याचा. मोठ्या राष्ट्रीय कंपन्यांनी अँड्र्यूनंतर फ्लॉरिडातील पसारा आवरता घेतला. त्यांची जागा अल्प भांडवलाच्या, पुनर्विम्याच्या आधारावर चालणाऱ्या स्थानिक कंपन्यांनी घेतली. छपरांच्या दाव्यांवरून खटल्यांचे तेथे पेवच फुटले होते. २०१९ मध्ये देशातील घरविम्याच्या दाव्यांपैकी सुमारे आठ टक्के फ्लॉरिडातले, पण खटल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश तेथले होते. पुनर्विमा महागला, काही कंपन्या बुडाल्या, आणि कोणी घेत नसलेल्यांचा विमा उतरविण्यासाठी २००२ मध्ये स्थापन झालेल्या 'सिटिझन्स' या राज्याच्या महामंडळाकडे २०२३ मध्ये सुमारे चौदा लाख विमापत्रे गोळा झाली. पुढे कायदे बदलले आणि बरीच विमापत्रे पुन्हा खाजगी कंपन्यांकडे सोपविली गेली. कंपनी बुडाली तर राज्याची हमी संस्था घरमालकाला पाच लाख डॉलरांपर्यंत देते. पण हमीचा पैसा आणि वेळेवर मिळणारा पैसा यांत फरक असतो. तीन कागदांतील सर्वांत स्वस्त कागद सर्वांत नव्या कंपनीचा होता, हे माझ्या विद्यार्थ्याने पाहिले नव्हते.

हे सारे वाचताना आपल्या कोकणाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर पत्रे, कौले आणि नारळी-पोफळीच्या बागा यांची जी दशा केली, ती पाहिलेल्यांना टॅम्पाची चिंता परकी वाटणार नाही. गंमत अशी की आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विमापत्रात वादळ आणि पूर एकाच कागदावर आहेत. जी वाटणी अमेरिकेत घरमालकाला न्यायालयात नेते, ती येथे मुळातच नाही. कागद सरळ आहे. घेणारेच थोडे आहेत. तिकडे बँकेच्या सक्तीने का होईना विमा असतो, पण कागद दोन तुकड्यांचा. दोन्हीकडे वादळानंतर लोक सरकारी मदतीकडे डोळे लावून बसतात.

विद्यार्थ्याने अखेर मधला कागद घेतला. त्याचे घर २००२ मध्ये लागू झालेल्या कडक बांधकाम-नियमांनंतरचे आहे; तपासनीस बोलावून छप्पर भिंतींना लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले असल्याचा दाखला त्याने मिळविला, आणि कायद्याप्रमाणे हप्त्यात सूट घेतली. वजावट दोन टक्क्यांचीच ठेवली, कारण वीस हजार डॉलर बाजूला काढणे त्याला या वर्षी जमण्यासारखे नाही. वाचलेल्या सुटीत थोडी भर घालून पुराच्या विम्याचा अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यात भरला. तीस दिवस मोजले तर तो जूनच्या पहिल्या आठवड्यात लागू होतो; म्हणजे मोसमाचे पाच-सहा दिवस उघडे राहतात. तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ हवामानाचा नकाशा बघत काढीन, असे त्याने कळविले आहे.