दोन पाट्या, एकच फडताळ

सकाळी सव्वासातला इचलकरंजीहून फोन. सुताचे व्यापारी, माझं जुनं गिऱ्हाईक. "सर, साइट गेली आमची. पण पुण्यात धाकट्याला दिसतीया म्हणं. असं कसं ओ?"

या 'असं कसं'मध्ये निम्मं निदान असतं. साइटच बंद पडली असती तर दोघांनाही दिसली नसती. म्हणजे साइट जागेवर होती, तिचा पत्ता सांगणारा आडवा झाला होता. तो माझ्याच ताब्यातला, म्हणून चहा तसाच राहिला.

संगणकाला नाव पुरत नाही, आकड्यांचा पत्ता लागतो. नावावरून तो सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती आखली. त्याआधी कॅलिफोर्नियात एकच यादी ठेवलेली असे आणि सगळे ती उतरवून घेत. मिळालेला पत्ता मधले सर्व्हर ठरावीक वेळ लक्षात ठेवतात. आमच्याकडे ती मुदत 3600 सेकंद. धाकटा भाऊ शिळ्या उत्तरावर निभावत होता.

लॅपटॉप उघडून, पत्ता विचारून बघणारं 'डिग' चालवलं. उत्तर आलं, 'सर्व्हफेल'. 'एनएक्सडोमेन' आलं असतं तर अर्थ होता, या नावाचं इथं कुणी राहत नाही. सर्व्हफेल म्हणजे वही बघायलाच मिळत नाही. आमचं पत्ते सांगणारं सॉफ्टवेअर, पॉवरडीएनएस, नोंदी साध्या फायलीत ठेवत नाही, मायएसक्यूएल या डेटाबेसला विचारतं. हजारभर डोमेन सांभाळायला फार सोयीचं. फक्त डेटाबेस जागा पाहिजे.

इथं मी वीस वर्षांच्या अनुभवाला न शोभणारी गोष्ट केली. लॉग न वाचता पॉवरडीएनएस रीस्टार्ट केलं. आधी ते निदान 'जमत नाही' म्हणत होतं, आता डेटाबेसशिवाय उठेचना.

मग लॉग वाचला. मायएसक्यूएलशी बोलायच्या सॉकेट फाइलशी जोडता येत नाही, आणि शेवटी कंसात 2. लोक इंग्रजी वाक्य वाचतात आणि हा आकडा सोडतात. खरी मेख तिथंच असते. 13 म्हणजे परवानगी नाही. 111 म्हणजे पलीकडं ऐकायला कुणी नाही. 2 म्हणजे ती फाइलच नाही. पासवर्ड चुकला असता तर 1045 दिसला असता. सॉकेटची फाइल नाही, याचा अर्थ बहुधा मायएसक्यूएल उठलेलाच नाही.

का नाही, ते डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ'नं सांगितलं: 'व्हार' हा डिस्कचा भाग शंभर टक्के भरलेला. मायएसक्यूएल 8 प्रत्येक बदलाची नोंद बायनरी लॉगमध्ये करतो आणि, आपण काही सांगितलं नाही तर, तीस दिवस जपतो. आमची एक स्क्रिप्ट रोज रात्री सगळ्या नोंदी नव्यानं लिहायची, गरज नसताना, आणि लॉग फुगत जायचे. पहाटेच्या आपोआप अपडेटनं मायएसक्यूएल रीस्टार्ट झाला आणि भरल्या डिस्कवर परत उभा राहिला नाही.

अशा वेळी हात थेट त्या लॉगच्या फायली उडवायला शिवशिवतात. उडवू नयेत, त्यांची एक यादी असते, ती मग जुळत नाही. मी सिस्टीमचे जुने लॉग काढून थोडी जागा केली, मायएसक्यूएल उठवला आणि त्याच्याच 'पर्ज' आज्ञेनं जुने बायनरी लॉग काढायला लावले. मग पॉवरडीएनएस. आठला दहा कमी.

पण पत्ता सांगणारा आमचा दुसरा नेमसर्व्हर काय करत होता? तोही सर्व्हफेलच देत होता. सहा वर्षांपूर्वी मीच दोन्ही एका डेटाबेसला जोडले होते. बाहेर पाट्या दोन, आत फडताळ एकच. दुय्यम सर्व्हर लांब, वेगळ्या जागी ठेवा, असं 1997 च्या आरएफसी 2182 या इंटरनेटच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलंही होतं. आता दुसऱ्याला स्वतःची डेटाबेस प्रत आहे, वेगळ्या शहरात. गंमत म्हणजे ती प्रत ताजी ठेवायला तेच बायनरी लॉग लागतात.

त्या सकाळी सर्व्हर उठल्यावर लगेच पुन्हा इचलकरंजी. "आली सर, आली! पण आता धाकट्याला दिसंना झालीया."

त्याच्या सर्व्हरची तासाची मुदत मधेच संपली असणार आणि हाती आमचं सर्व्हफेल लागलं असणार. ते पाच मिनिटांपेक्षा जास्त जपून ठेवायचं नाही, असा नियम आहे.

"त्यांना म्हणावं, चहा घ्या तोवर," मी म्हटलं, आणि माझा गरम करायला ठेवला.