फोनचा माग

टेलिफोनच्या आठवणी निघाल्या की कुणीतरी हमखास ठोकून देतं, मोबाइल येईपर्यंत फोन कुणाचा हे कळतच नसे. असं लिहिणाऱ्यांनी एक्स्चेंजची पायरी चढलेली नसते. झाडीपट्टीत हाताने चालणाऱ्या बोर्डावर शटर पडलं की नंबर समोर असायचा. मुरलेला ऑपरेटर तर नुसत्या खाकरण्यावरून माणूस ओळखायचा.

आपोआप जोडणी करणाऱ्या स्ट्रोजर एक्स्चेंजची जन्मकथा सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो. माझा जीव त्याच्या सिलेक्टरवर, फिरवलेल्या आकड्यांबरोबर टप्प्याटप्प्याने वाट जोडणाऱ्या. रात्री-अपरात्री शिवीगाळीचे फोन येतात अशी तक्रार आली, की त्या ग्राहकाच्या फायनल सिलेक्टरला अशी जोडणी करायची की फोन करणाऱ्याने ठेवला तरी साखळी सुटू नये. मग बॅटरी घेऊन रॅकमध्ये शिरायचं. या फायनलवर कोणता ग्रुप सिलेक्टर येऊन उभा आहे, ते त्याचा वायपर, म्हणजे सरकता हात, कोणत्या लेव्हलला आणि कॉन्टॅक्टवर आहे हे पाहून हुडकायचं. तिथून त्याच्या मागचा, मग युनिसिलेक्टर, आणि शेवटी एमडीएफवर, म्हणजे गावातल्या तारा जिथे एक्स्चेंजात येतात त्या चौकटीवर, तारांची एक जोडी हाती लागायची. ताडोब्यात वाघाचा माग काढतात तसंच, फक्त आम्ही उलटे चालायचो. कॉल बाहेरगावचा निघाला तर ट्रंकपाशी थांबायचं आणि पलीकडच्या एक्स्चेंजात ओरडायचं, "धरून ठेव बाबा, सोडू नको!" एकदा अख्खी रात्र घालवून मी पोचलो तो तक्रारदाराच्याच मेव्हण्याच्या दुकानात. रजिस्टरात काय लिहावं, हे त्या शोधापेक्षा अवघड निघालं.

स्ट्रोजरनंतरच्या क्रॉसबार एक्स्चेंजवर शाई घालवत नाही. त्यातला मार्कर जोडणी लावून मोकळा व्हायचा, आपण डोळे फाडून बघत बसायचं.

सी-डॉटची गोष्ट वेगळी. 1984 साली देशी एक्स्चेंज बनवायला ही संस्था निघाली आणि 1986 साली कर्नाटकात कित्तूरला 128 लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज सुरूही झालं. त्याला एसी लागत नसे. चांद्याचा मे महिना काढलेल्यालाच याची किंमत कळेल. रिसीव्हर कोणी उचलला हे त्याच्या प्रोसेसरला तत्क्षणी ठाऊक. अडायचं ते गावाबाहेर. दोन एक्स्चेंजांमधल्या जुन्या जंक्शनवरून फक्त फिरवलेले आकडे पुढे जात, मागे कोण आहे हे विचारायची सोयच नसे. ती विचारणा आर-टू सिग्नलिंगने आणली. पुढे एसएस-सेव्हन सिग्नलिंगमध्ये पहिल्याच निरोपात नंबर येऊ लागला.

आता प्रत्येक खिशात नंबर दिसतो, आणि इंटरनेटवरून खोटा नंबरही चिकटवला जातो. 2024 साली दूरसंचार नियामक ट्रायने नावही दाखवायची शिफारस केली. पण ते नाव फॉर्मवरचं! भामरागडकडच्या टोल्यात एका सिमवर सगळं घर बोलतं. नाव नातवाचं, बोलणार आजी. एमडीएफवरची जोडी निदान घरापर्यंत तरी जायची.

आमचे सिलेक्टर किलोच्या भावाने भंगारात गेले. कुणाकडे एखादा पडून असेल तर मोडीत घालू नका, गावच्या शाळेला द्या. लेव्हल कशी मोजायची ते पोरांना दाखवायला मी येईन.