खिडकीला गज, संशोधनाला प्रश्न: न्यूयॉर्कचा अभ्यास डोळखांबमध्ये कसा वाचायचा?

लहान मूल खिडकीतून पडल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आईचं लक्ष कुठे होतं?" जुलै 2025 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या नायगावला 12 व्या मजल्यावरून पडून एक चिमुरडी गेली, तेव्हाही हेच झालं. घरातून निघायच्या घाईत तिला क्षणभर चपलांच्या कपाटावर बसवलं होतं, आणि खिडकी जवळच होती. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर इथे थांबून प्रश्न बदलून बघा. लक्ष काही सेकंद सुटलं तरी मूल वाचेल, अशी ती खिडकी का नव्हती?

साधं गणित करू. 3 मीटर उंचीवरून पडायला साधारण पाऊण सेकंद लागतो आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी 28 किलोमीटरच्या आसपास असतो. पाऊण सेकंदात कुणीही धावून पोचत नाही. त्यात लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, त्यामुळे वाकून बघताना तोल पुढे जातो. म्हणजे जे करायचं ते पडण्याच्या आधीच करायला हवं.

न्यूयॉर्कमध्ये काय केलं?

या विषयावरचा गाजलेला अभ्यास न्यूयॉर्कचा आहे. तिथल्या आरोग्य विभागाने 1972 मध्ये 'चिल्ड्रन कान्ट फ्लाय' म्हणजे 'मुलांना उडता येत नाही' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात चार गोष्टी होत्या. मूल पडल्याची नोंद आरोग्य विभागाकडे येऊ लागली. आरोग्यसेविका त्या घरी जाऊ लागल्या. प्रसारमाध्यमांतून प्रचार झाला. आणि जास्त धोक्याच्या वस्त्यांत, लहान मुलं असलेल्या घरांना खिडकीचे गज फुकट दिले गेले. शार्लट स्पीगल आणि फ्रान्सिस लिंडामन यांनी 1977 मध्ये याचे निष्कर्ष छापले. ब्राँक्स भागात 1973 ते 1975 दरम्यान नोंदवलेल्या घटना 50 टक्क्यांनी घटल्या होत्या. 1976 मध्ये तर नियमच झाला: 10 वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल, तर घरमालकाने खिडक्यांना गज बसवायचे.

आकडा वाचून लगेच "सिद्ध झालं" म्हणू नका. आधी तीन प्रश्न विचारा.

एक, तुलना कशाशी? हा 'आधी आणि नंतर' प्रकारचा अभ्यास आहे. ज्या वस्तीत घटना खूप जास्त झाल्या तीच आपण निवडली, तर पुढच्या वर्षी आकडा आपोआपही थोडा खाली येऊ शकतो. याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

दोन, मोजण्याची पद्धत बदलली का? इथे बदलली. नोंदी घेणं हा कार्यक्रमाचाच भाग होता. पण नीट विचार करा: नोंदी सुधारल्या की आकडा वाढायला हवा. तो तरीही घटला, म्हणजे ही त्रुटी निष्कर्षाच्या विरुद्ध दिशेने ओढणारी आहे. त्रुटी आहे एवढं सांगून भागत नाही, ती कोणत्या दिशेला ओढते हेही सांगावं लागतं.

तीन, चारपैकी काम कशाने केलं? प्रचाराने, गृहभेटीने की गजांनी? फक्त या आकड्यावरून ते वेगळं काढता येत नाही. मग कार्यकारणाची साखळी बघायची. सल्ला रोज, प्रत्येक क्षणी पाळावा लागतो. गज एकदा बसवले की आई चुलीपाशी असली तरी काम करतात.

हा विचार नीट मांडला डॉ. विल्यम हॅडन यांनी. 1966 मध्ये ते अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्या नावाचा तक्ता आजही वापरतात. उभ्या बाजूला तीन टप्पे: घटनेआधी, घटनेच्या वेळी, घटनेनंतर. आडव्या बाजूला माणूस, इजा करणारी ऊर्जा आणि परिसर. खिडकीसाठी भरून बघा. आधी: गज, आणि खिडकीपासून लांब ठेवलेला दिवाण. घटनेच्या वेळी: खाली फरशी आहे की माती. नंतर: दवाखाना किती दूर.

आता डोळखांबला येऊ

शहापूर तालुक्यातल्या आमच्या या भागात हाच अभ्यास जसाच्या तसा उचलला तर फसाल. कारवीच्या काठ्यांना शेणमातीने लिंपलेल्या कुडाच्या घरात खिडकी छोटी असते आणि घर बैठं. तिथून मूल पडलं तरी उंची ती किती! पण शेजारीच नवं स्लॅबचं घर असतं. कठड्याविना गच्ची, बाहेरून चढणारा उघडा जिना. इथे धोका तिकडे सरकतो. आणि तेच कुटुंब कामासाठी आसनगाव, वाशिंद किंवा कल्याणला चौथ्या मजल्यावर राहायला गेलं, की स्लायडिंगची मोठी खिडकी समोर येते. बैठ्या घराची सवय असलेल्या मुलाला आणि मोठ्यांनाही ती नवीन असते.

म्हणून प्रश्न असा घ्या: या भागातली 5 वर्षांखालची मुलं घराच्या नेमक्या कोणत्या जागेवरून पडतात?

माहिती कुठून आणाल? दवाखान्याच्या नोंदी अपुऱ्या पडतील. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत खिडकी, गच्ची, सज्जा या सगळ्यांना मिळून डब्ल्यू 13 हा एकच गट आहे. झाडावरून पडणं डब्ल्यू 14. नोंदवहीत नुसतं 'उंचावरून पडला' असेल, तर तेही कळणार नाही. त्यातून जे मूल दवाखान्यात पोचलंच नाही, ते नोंदीतही नाही.

मग घरोघरी जावं लागेल. अंगणवाडी सेविकेकडे 0 ते 6 वर्षांच्या मुलांची यादी असते, ती नमुना निवडायला उत्तम. पण वेळ सांभाळा. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत सर्वेक्षण केलंत तर सगळ्यात जास्त धोक्यातली मुलंच तुमच्या आकड्यांतून गळतील.

विचारायचं कसं, हेही महत्त्वाचं. "मूल कधी पडलं का?" या प्रश्नात आईला दोष ऐकू येतो, आणि उत्तर "नाही" येतं. त्यापेक्षा "थोडक्यात वाचला, असं कधी झालं का?" असं विचारा. आणि सोबत टेप घेऊन स्वतः मोजा.

काय मोजाल? दोन गजांमधलं अंतर 10 सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे 4 इंचांपेक्षा कमी आहे का? गज आडवे असतील तर मुलासाठी ती शिडीच, उभे बरे. मच्छरदाणीची जाळी डास अडवते, मूल नाही. खिडकीखाली पलंग, ट्रंक, खुर्ची आहे का? स्लायडिंग खिडकी 10 सेंटीमीटरपलीकडे सरकू नये म्हणून अडकण आहे का? पावसाने बोल्ट गंजलेत का, ग्रिल हाताने हलवून बघा. आणि आग लागली तर बाहेर पडायला एक तरी ग्रिल आतून उघडतं का? न्यूयॉर्कच्या नियमातही आगीच्या जिन्याकडची खिडकी गजांतून वगळली आहे.

शेवटचा मुद्दा नैतिकतेचा. सर्वेक्षणात एखादी उघडी गच्ची आणि तिथे खेळणारं दोन वर्षांचं पोर दिसलं, तर फॉर्मवर खूण करून पुढच्या घरी जायचं का? नाही. त्या घरच्यांना तिथेच सांगायचं, आणि आपण सांगितलं याची नोंदही ठेवायची. याने तुमचा आकडा थोडा बदलेल, बदलू दे. सांगायचं कसं आणि नोंद कशी ठेवायची, हे संशोधन आराखड्यातच लिहा, म्हणजे नैतिकता समिती विचारेल तेव्हा उत्तर तयार असेल.

या आठवड्यात एवढं करा: हॅडनचा तक्ता कागदावर आखा आणि तुम्ही आत्ता राहता त्या घरासाठी भरा. जो चौकोन भरता आला नाही, तिथे तुमचा संशोधन प्रश्न सापडण्याची शक्यता बरीच आहे.