रंग न लावताच चमकते ऊती!

फॉर्मलिनमध्ये मुरलेल्या मेंदूचा पातळ काप घ्या. कुठलाही रंग न लावता फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. तरीही तो चमकतो! या फुकटच्या उजेडात लावलेल्या रंगाचा खरा संकेत हरवतो, म्हणून संशोधक हात धुऊन या उजेडाच्या मागे लागलेले असतात.

दुखणं जुनंच. १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला पहिल्यांदा चमकणारा रंग जोडला, तो निळा. ऊतीची स्वतःची चमकही निळसरच! मग त्यांनी हिरवा फ्लुरोसीन निवडला, आणि तो आजही प्रयोगशाळांत ठाण मांडून आहे.

फॉर्मलिनचा ऊती टिकवण्याचा गुण कळला तो बोटांमुळे. १८९३ मध्ये जर्मनीत फर्डिनंड ब्लूम यांच्या बोटांची कातडी फॉर्मलिनने कडक झाली आणि ही युक्ती हाती आली. फॉर्मलिन प्रथिनांना जखडतं; त्यातून बनणारी काही संयुगं चमकतात. ऊती टिकवणारं दुसरं द्रव्य, ग्लुटरल्डिहाइड, तर त्याहून वाईट. यावर उतारा सोडियम बोरोहायड्राइडचा: ताजा, थंडगार द्रव. त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, तेव्हा नळीचं झाकण घट्ट लावू नये.

गंमत म्हणजे हाच दोष एकदा वरदान ठरला. १९६२ मध्ये स्वीडनच्या फाल्क आणि हिलार्प यांनी वाळवलेल्या ऊतीला फॉर्मल्डिहाइडची वाफ दिली. डोपामिनच्या पेशी हिरव्या उजळल्या, सेरोटोनिनच्या पिवळ्या. मेंदूतले डोपामिनचे मार्ग डोळ्यांना दिसू लागले!

चमकेचं दुसरं कारण वय. ते वाढलं की मेंदूच्या आणि हृदयाच्या पेशींत लिपोफ्युसिन नावाचं रंगद्रव्य साचतं. ते जवळपास प्रत्येक फिल्टरमधून चमकतं, म्हणून भल्याभल्यांना फसवतं. त्याला झाकतो सुदान ब्लॅक बी हा काळा रंग: ७० टक्के अल्कोहोलमध्ये ०.१ टक्का. नंतर डिटर्जंटने धुतलंत तर सुदान निघून जातो. शिवाय लाल फिल्टरमध्ये तो स्वतःच थोडा चमकतो, हे विसरलात तर औषधच आजार होतं.

रक्तपेशींच्याही चमकेचा उपद्रव टाळायचा तर फॉर्मलिनआधीच सलाइन सोडून रक्तवाहिन्या धुवाव्यात. गडद लालपलीकडचे रंग वापरले तरी बरीच सुटका होते, कारण तिथे ऊती बरीच अंधारी असते.

मात्र कुठलीही बाटली उघडण्याआधी एक न रंगवलेला काप त्याच फिल्टरखाली, तितक्याच एक्स्पोजरला बघाच. ती तुलना केली नसेल, तर चित्र कितीही देखणं असो, त्यावर विश्वास ठेवू नका.