उत्तनचे दिवे आणि दूरच्या दीर्घिका

मीरा-भाईंदरच्या उत्तन किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं, की समुद्रात एखादा मिणमिणता दिवा दिसतो. तो जवळच्या होडीतला लहानसा दिवा, की दूरच्या जहाजावरचा मोठा? नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. अंधूक दीर्घिकांचंही तसंच. पण तिथे रंग मदतीला येतो.

जुन्या ताऱ्यांनी भरलेल्या दीर्घिकेचा प्रकाश सुमारे ४०० नॅनोमीटरच्या खाली, पायरी उतरावी तसा, एकदम घटतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दीर्घिका जितकी दूर, तितकी ही पायरी तांबड्या रंगाकडे सरकते. वेगवेगळ्या फिल्टरमधून फोटो घेतले, की पायरी कुठवर सरकली याचा अंदाज येतो आणि त्यावरून अंतराचा. वर्णपट याहून कितीतरी अचूक. पण कोट्यवधी दीर्घिकांचे वर्णपट घ्यायला दुर्बिणीला सवड कुठून मिळणार?

हवाईतल्या जपानी सुबारू दुर्बिणीच्या सर्वेक्षणात पाच फिल्टर वापरले गेले. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतले संशोधकही त्यात आहेत. न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या गुरुत्वामुळे दूरच्या दीर्घिकांचे आकार किंचित बदललेले दिसतात. सुमारे अडीच कोटी दीर्घिकांच्या आकारांवरून २०२३मध्ये या सर्वेक्षणातल्या संशोधकांनी विश्वातल्या कृष्णद्रव्याचा हिशेब मांडला.

या हिशेबाला दीर्घिकांची अंतरंही लागतात, आणि खरी कसोटी लागली ती तिथेच. सर्वांत दूरच्या दीर्घिकांची अंतरं चुकलेली असू शकतात, हे संशोधकांनी गणितातच गृहीत धरलं. त्यामुळे उत्तरातली अनिश्चितता वाढली, तरी त्यांनी ती तशीच जाहीर केली.