वरच्या थराची ओळख

धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे सुरत-भुसावळ मार्गावरचे रेल्वे स्टेशन आहे. तेथे फलाटावर उभे राहून रुळांकडे नीट पाहा. रुळाच्या ज्या भागावरून चाके जातात, तो भाग चांदीसारखा चमकतो. बाजूचा भाग मात्र गंजून तांबूस झालेला असतो. रूळ एकाच पोलादाचा, मग हा फरक कशामुळे? फरक आहे तो केवळ वरच्या थरात. या वरच्या भागाला मराठीत 'पृष्ठभाग' म्हणतात. उर्दूत तुम्ही त्यालाच 'सतह' म्हणता.

आता घरातले ॲल्युमिनियमचे पातेले घ्या. हवेतील ऑक्सिजनशी ॲल्युमिनियमचाही संयोग होतो, आणि तोही फार लवकर. तरीही पातेले रुळासारखे गंजत नाही. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि गंज आत आत शिरतो. ॲल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर मात्र धातूला घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. हा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर! पातेले खरवडून तो चुरा तपासला, तर हाती येईल तो बहुतेक आतला धातूच. मग एवढा पातळ थर तपासायचा कसा?

या कामी इलेक्ट्रॉन उपयोगी पडतात. पदार्थावर क्ष-किरण टाकले की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. क्ष-किरण खोलवर जातात. पण खोलवरचे इलेक्ट्रॉन बाहेर येताना धडका खातात आणि आपली ऊर्जा गमावतात. ऊर्जा न गमावता बाहेर येतात ते फक्त वरच्या सुमारे दहा नॅनोमीटरमधील इलेक्ट्रॉन. म्हणून ते जी बातमी आणतात, ती पृष्ठभागाचीच असते.

ही बातमी वाचायची म्हणजे वजाबाकी करायची. दुकानदाराला शंभर रुपये दिले आणि बत्तीस परत आले, तर वस्तू अडुसष्ट रुपयांची, हे तुम्ही लगेच सांगाल. येथेही तसेच आहे. क्ष-किरणांची ऊर्जा १४८७ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे आणि बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनजवळ १२०२ उरली आहे, असे समजा. म्हणजे अणूतून सुटण्यासाठी २८५ खर्च झाली. एवढी 'किंमत' कार्बनची असते. प्रत्येक मूलद्रव्याच्या किमती ठरलेल्या असतात. शुद्ध ॲल्युमिनियमची एक किंमत सुमारे ७३ आहे. ऑक्साइडमध्ये तीच दोन-तीनने वाढते. त्यामुळे पातेल्याच्या तुकड्यावर दोन्ही खुणा दिसतात आणि त्यांच्या प्रमाणावरून थराची जाडीही काढता येते. हायड्रोजन व हेलियम मात्र या पद्धतीने ओळखता येत नाहीत.

स्वीडनमधील उप्साला येथील काय सीगबान यांनी ही पद्धत विकसित केली. फोटोग्राफीत वापरल्या जाणाऱ्या 'हायपो' या क्षारात गंधकाचे दोन अणू वेगवेगळ्या स्थितीत असतात. १९६४ साली त्यांच्या गटाने या दोन अणूंच्या दोन वेगळ्या खुणा दाखवल्या. १९८१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. त्यांचे वडील मान्ने सीगबान यांनाही १९२४ चे नोबेल मिळाले होते!

हे काम अत्यंत चांगल्या निर्वातात करावे लागते. हवेचा दाब एक अब्जांशावर आणला, तरी स्वच्छ पृष्ठभागावर उरलेल्या वायूचा एक थर सुमारे एका सेकंदात बसू शकतो. म्हणून निर्वात त्याहूनही हजारपट चांगला ठेवतात. शिवाय हवेत राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर कार्बनचा मळ सापडतोच. शास्त्रज्ञ मोठे हुशार! या मळाच्या खुणेचाच ते मोजमाप जुळवण्यासाठी उपयोग करतात.

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात डॉ. सुलभा कुलकर्णी यांनी पृष्ठभाग आणि नॅनोकण यांच्या अभ्यासात ही पद्धत वापरली. नरडाण्यावरून जाणारा आग्रा रोड शिरपूर आणि सेंधवा ओलांडून इंदूरला पोहोचतो. तेथील राजा रामण्णा केंद्रात 'इंडस-२' हे मोठे यंत्र आहे. त्याच्या जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांमुळे इलेक्ट्रॉन अधिक वेगाने सुटतात आणि अधिक खोलीवरून बाहेर येऊ शकतात. त्यामुळे वरच्या थराखाली दडलेला दुसरा थरही तेथे तपासता येतो.